आठाचे चार झाले तर बिघडलं कुठे?

इचलकरंजीत माणसाची ओळख मागांच्या आकड्यावरून करून देतात. "हे चोवीस मागवाले", "ते बारावाले". लग्नाच्या बैठकीतसुद्धा मुलाच्या पगाराआधी माग किती हे विचारतात. आकडा वाढला की माणूस मोठा, आणि कमी झाला की "त्यांचं आता काही खरं नाही". माझं म्हणणं असं की हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे दाखवून द्यायचं काम आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांचं आहे. मित्रहो, पान उलटू नका, यात टोयोटा पण येणार आहे!

ज्यांनी यंत्रमाग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जवळपास टनभर वजनाचं बिडाचं यंत्र. त्यात लाकडी धोटा मिनिटाला साधारण १२० वेळा इकडून तिकडे फेकला जातो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि प्रत्येक फेरीला एक आडवा धागा कापडात बसतो. त्या एका धाग्याला म्हणायचं पीक. आम्ही खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. आमची मजुरी या पिकांवरच ठरते. (माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे शुद्धलेखनाची गॅरंटी नाही. पण धोटा, कांडी, वहीफणी हे शब्द मला आधी आले आणि शटल, पर्न, हिल्ड, रीड नंतर. सेकंड इयरला पुस्तकात 'शटल'चं चित्र बघून मी शेजारणीला म्हटलं, "अगं, हा तर आमचा धोटा!")

आमच्या घरामागच्या शेडमध्ये आठ माग आहेत. यंदा घराची वाटणी झाली. काका धंद्यातून बाहेर पडतायत, अर्धी शेड त्यांच्याकडे जाणार, मध्ये भिंत येणार. म्हणजे आमच्याकडे चार मागांची जागा उरते. काकांच्या वाट्याचे पैसे आणि चार माग मोडून येतील ते पैसे, यांची वजाबाकी केली तर हातात थोडी रक्कम राहते. ती कशात घालायची, यावर घरात दिवाळीपासून चर्चा चालू आहे. माझी फी याच शेडमधून येते, म्हणून मीही त्यात तोंड घालते.

सल्ला देणारे पुष्कळ. जो येतो तो म्हणतो, प्लेन माग फेकून द्या आणि शटललेस घ्या. ऐकायला बरोबर वाटतं. ढोबळ आकडे बघा. आमचा ४८ इंची माग, रुंदी धरा १.२ मीटर, १२० पिकांनी मिनिटाला १४४ मीटर आडवं सूत भरतो. १९० सेंटिमीटरचा रेपियर ४०० पिकांनी चालला तर ७६०. एअरजेट ७०० पिकांनी चालला तर १,३३०. म्हणजे एक एअरजेट आमच्या नऊ मागांबरोबर! कापडही सरस, त्यात शंकाच नाही. ज्यांच्याकडे जागा, भांडवल आणि वर्षभराची ऑर्डर आहे त्यांनी तेच घ्यावं. शहरात अशा शेड आहेत, युरोपात वापरून झालेले जुने सुल्झर आणून चालवणारेही आहेत.

पण घरामागच्या शेडचं काय? रेपियर दोन-तीन टनांच्या पुढे जातो, त्याला तसं फाउंडेशन लागतं. त्याचा बीम मोठा, तो फिरवायला मागे मोकळी जागा लागते. एअरजेटला वर कॉम्प्रेसर आला, कोरडी स्वच्छ हवा आली, त्याचं वेगळं वीजबिल आलं. आणि आमच्या शेडकडे येणारा बोळ आहे पाच फुटी. यंत्र आत न्यायला आधी शेजाऱ्यांची भिंत पाडावी लागेल आणि शेजारी आम्हाला पाडतील! सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कर्ज. महाग यंत्राचा हप्ता सुटायचा तर ते रात्रंदिवस चालायला हवं. आमच्या धंद्यात मंदी आली की प्लेन माग आठवडाभर बंद ठेवता येतो, तो काही खायला मागत नाही. हप्त्याचं यंत्र बंद ठेवता येत नाही. म्हणजे जागा कमी करायला निघालेल्या घराला हा सल्ला उलट मोठं व्हायला लावतो.

दुसरा सल्ला म्हणजे काहीच करू नका, जे आहेत ते पडेपर्यंत चालवा. हा सल्ला फुकट असल्यामुळे लोकप्रिय आहे.

मला तिसरी वाट बरोबर वाटते. चार माग काढायचे आणि उरलेल्या चारांना सुधारणेचं किट बसवायचं. किट म्हणजे आडवा धागा संपला किंवा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा, उभा धागा तुटला की थांबवणारी ड्रॉपरची यंत्रणा, बीमवरून सूत एकसारख्या ताणाने सोडणारी यंत्रणा, चांगला ब्रेक, आणि ग्रीस न मागणारे नायलॉनचे भाग. शोरूममध्ये ठेवण्यासारखं यात काही नाही. पण यातली पहिली वस्तू केव्हाची आहे माहीत आहे? इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी १८४२ च्या सुमारास जो लँकेशायर माग बनवला, त्यात धागा तुटल्यावर थांबायची सोय होती. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. आणि अजून आमच्या गल्लीतले कितीतरी माग कांडी संपली तरी रिकामे धडधडत राहतात.

आता टोयोटा. प्रॉडक्शन मॅनेजमेंटमध्ये आपण सगळे 'जिदोका' पाठ करतो: चूक झाली की यंत्राने स्वतः थांबावं. व्हायवाला हमखास विचारतात. उत्तरात आपण मोटारींची असेंब्ली लाइन सांगतो. पण ही कल्पना मोटारीच्या आधी मागावर आली! साकिची टोयोदाने १८९६ मध्ये जो यंत्रमाग बनवला, त्यात आडवा धागा तुटला की माग थांबायचा. १९२४ च्या त्याच्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. त्याच्या मुलाने पुढे मोटारी काढल्या. म्हणजे आपण हॉस्टेलवर रात्री दोन वाजता जे जपानी शब्द घोकतो, ते आमच्या आजीला कुणीतरी मागावर बसवून दिलं असतं तर तिला समजावून सांगायचीही गरज पडली नसती.

हे थांबणं का महत्त्वाचं, त्याचा हिशेब मी सुट्टीत कागदावर मांडला. कांडीवर ३० ग्रॅम सूत धरू, ३० नंबरचं. त्याची लांबी येते सुमारे १,५२० मीटर. मिनिटाला १४४ मीटर या वेगाने ती साडेदहा मिनिटांत संपते. आठ माग असले तर दर ८० सेकंदाला कुठली तरी कांडी संपत असते. एकच माणूस आठ माग बघत असेल तर त्याने उभा धागा सांधायचा कधी, तंबाखू मळायची कधी? मग दोनच गोष्टी होतात. एक तर तो कांडी संपायच्या आधीच बदलतो आणि उरलेलं सूत वाया जातं, नाहीतर कांडी संपते, माग चालूच राहतो आणि कापडात आडवी फट पडते. ती फट व्यापारी बोटाने दाखवतो आणि बिलातून कापतो. चार माग असले तर हीच वेळ दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर येते, आणि माग स्वतः थांबत असेल तर फट पडायची भीती बरीचशी जाते. पप्पा आणि आई मिळून चार माग आरामात बघतील. कामगार मिळत नाही ही जी गावभर ओरड आहे, ती निदान आमच्या दारापुरती मिटेल.

खोटं कशाला बोलू, चार माग आठांइतकं कापड देणार नाहीत. किट बसवल्याने १२० चे २४० होत नाहीत. पण समजा, आठ माग निम्मा वेळच खरे चालत असतील आणि चार माग ८० टक्के वेळ चालले, तर तुलना चार विरुद्ध सव्वातीनची होते. तूट निम्म्याची न होता पाचव्या हिश्श्याची राहते, आणि वीज, दुरुस्ती, एका माणसाचा पगार यात जे वाचतं ते वेगळंच.

कुठले चार ठेवायचे, यावर आमचं भांडण झालं. पप्पांचं मत होतं की त्यातल्या त्यात नवे दिसतात ते ठेवावेत. माझं मत, एकाच बनावटीचे आणि एकाच रुंदीचे ठेवावेत, म्हणजे एकाचा गिअर दुसऱ्याला लागतो. आणि जाणाऱ्या चारांना भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी त्यांचे चांगले गिअर, पिकिंगच्या काठ्या, धोटे, मोटरी काढून घ्याव्यात. भंगारवाला सगळं किलोवर नेतो. त्याला नीट चालणारा गिअर आणि झिजलेला गिअर सारखेच! या मुद्द्यावर जॉबरमामा माझ्या बाजूने बोलले आणि पप्पा गप्प झाले. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. त्याचं घरात सरांपेक्षा जास्त चालतं.

आणि आवाज. आईला वाटतं, निम्मे माग गेले की निम्मा आवाज जाईल. तसं होत नाही. डेसिबल ही लॉग स्केल, त्यामुळे सारखे आठ आवाज चारवर आणले तर फक्त ३ डेसिबल कमी होतात. कानाला जेमतेम कळतील एवढे. आजीने या आवाजात चाळीस वर्षं कांड्या भरल्या. आता तिच्याशी फोनवर बोलता येत नाही, समोर बसून ओठ दाखवत बोलावं लागतं. म्हणून माझा हट्ट आहे की शेडमध्ये नवी भिंत येतेच आहे, तर ती जाड घ्यावी, उरलेले चार माग स्वयंपाकघरापासून लांबच्या टोकाला न्यावेत आणि खाली रबरी पॅड घालावेत. पॅडने हवेतला आवाज जात नाही, पण घराच्या भिंतीतून जाणारी धडधड कमी होते. या खर्चाचं उत्पादन शून्य आहे, आणि तरी मला तो किटइतकाच गरजेचा वाटतो. पप्पांना अजून पटलेलं नाही. "कानाची सवय होती गं पोरी," म्हणतात. सवय होत नाही, कान जातो.

सरकारने यात काही केलं नाही असं नाही. २०१७ मध्ये 'पॉवरटेक्स इंडिया' आली, त्यात छोट्या यंत्रमागधारकांना जागेवरच प्लेन माग सुधारून घ्यायला अनुदान होतं. कल्पना उत्तम होती. आमच्या शेडचे कागद तेव्हा आजोबांच्या नावावर होते आणि ते काही वेळेत जुळले नाहीत. अशी घरं आमच्या गल्लीत एक-दोन नाहीत. वाटण्या न झालेल्या, तीन भावांत एक मीटर असलेल्या घरांना फॉर्मवर एक नाव लिहिता येत नाही. योजना आखणाऱ्यांनी एकदा बोळातून चालत यावं, एवढंच सांगते.

राहता राहिला आकडा. पप्पा परवा म्हणाले, "आठ मागवाले म्हणून आजोबांनी नाव कमावलं, मी चार मागवाला होऊ काय?" याला माझ्याकडे इंजिनिअरिंगमधलं उत्तर नाही. एवढंच म्हटलं, की आठांपैकी तीन कायम दुरुस्तीला असतात, तेव्हा तुम्ही तसेही पाचच मागवाले आहात. हसले, पण उशिरा.

आता कॉलेजकडे वळते. फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी नोटीस बोर्डवर लागते ती सगळ्यांनी पाहिली असेल. लाईन फॉलोअर रोबो, मग दुसऱ्या ग्रुपचा लाईन फॉलोअर रोबो. माझं कुणाशी वैर नाही, पण एक प्रोजेक्ट असा घेऊन बघा: कांडी संपायच्या थोडं आधी ओळखणारा स्वस्त सेन्सर. धोटा प्रत्येक फेरीत पेटीत क्षणभर थांबतो. तेवढ्यात धोट्याच्या खाचेतून कांडीवर प्रकाश टाकायचा. सूत असेल तर एक परावर्तन, उघडं लाकूड असेल तर दुसरं. दिवा लागला की कामगार कांडी घेऊन तयार. महागड्या स्वयंचलित मागांवर अशी 'फीलर' यंत्रणा पूर्वीपासून आहे. प्लेन मागाला परवडेल अशी, कापसाची धूळ आणि ती धडधड सोसणारी बनवणं हे खरं डिझाइन. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सेन्सर, मेकॅनिकलवाल्यांना ब्रॅकेट, प्रॉडक्शनवाल्यांना हिशेब. आणि रिपोर्टमध्ये जिदोका शब्द खराखुरा वापरता येईल.

त्यासाठी माग हवा, तर तो आहे. जाणाऱ्या चारांपैकी एक अजून भंगारात दिलेला नाही, मी थांबवून ठेवलाय. त्याला नऊ बाय सहा फूट जागा आणि एका मोटरचं कनेक्शन लागेल. टेम्पोचं भाडं पप्पा देतो म्हणालेत, जॉबरमामा जोडून द्यायला येतील. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत मोडकी बाकं भरली आहेत. सरांनी किल्ली दिली तर रविवारी ती बाहेर काढायला लेडीज हॉस्टेलच्या सहा जणी तयार आहेत. बॉइज हॉस्टेलने चहा पाजावा.