लुटुपुटीची लोकशाही

ज्या शहरी सध्या माझी नेमणूक आहे, तेथील एका शाळेत नागरिकशास्त्राच्या अभ्यासाकरिता नुकतीच नमुना-निवडणूक झाली. पत्रके वाटली गेली, घोषणा दुमदुमल्या, मतपेटीची छायाचित्रे निघाली; आणि निकाल लागताच मुख्याध्यापकांनी तो फिरवला! निवडून आलेल्या मुलाचे गुण कमी होते, एवढेच कारण. नववीच्या मुलांना त्या दिवशी मिळालेला धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

अशा उपक्रमांना माझा विरोध नाही. १९८९ पासून अठराव्या वर्षीच मताधिकार मिळतो. शाळकरी मुले त्याच्या उंबरठ्यावरच उभी आहेत. विरोध आहे तो मिरवणुकीलाच निवडणूक समजण्याला.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांनी मतदान केंद्रावर रात्री काढल्या आहेत. तेथे काय घडते? मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष निदान पन्नास मतांची चाचणी होते. ती मते मोजून पुसल्यावरच यंत्राला मोहोर लागते. मतदाराच्या ओळखीविषयी दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. मतदान संपताच नोंदलेल्या मतांचा हिशेब प्रतिनिधींच्या हाती द्यावा लागतो. ही सारी यातायात विजयी उमेदवाराकरिता नव्हे. पराभूताला आपला पराभव खरा वाटावा, याकरिता आहे. शाळेत नेमके हेच गाळले जाते.

तीच गत मतदारयादीची. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळली. कारण ‘अमक्याची आई, तमक्याची पत्नी’ यापलीकडे त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. यादीत नाव नाही, त्याला मतपेटीचा काय उपयोग?

म्हणून मुलांनी आधी यादी करावी, तिच्यावरील हरकती ऐकाव्यात, मोजणीवर हरणाऱ्याची सही घ्यावी. आणि निवडून आलेल्यांना वाचनालयाची चार पुस्तके निवडण्याचा तरी खरा अधिकार द्यावा. ज्या निवडणुकीतून कसलाच अधिकार मिळत नाही, ती भातुकली होय. आणि जिचा निकाल गुरुजी फिरवतात, ती भातुकलीहूनही वाईट.

मात्र शाळेला दोष देण्यापूर्वी घरात पाहू. बदलीच्या गावी आपले स्वतःचे नाव मतदारयादीत घालण्याची तसदी आपल्यापैकी किती जण घेतात? मुले तेही पाहतच असतात.