ट्रंक फोडून विकू नका

सैनिकाची वर्दी एकाला, पदकं दुसऱ्याला आणि वह्या रद्दीवाल्याला, अशा विक्रीला मी चोरी म्हणणार नाही. चोरीत वस्तू निदान शाबूत राहते. इथे माणूसच पुसला जातो.

मी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकी वस्तू जमवतो. त्यातही सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियरांच्या. त्यामुळे हा बाजार मला आतून माहीत आहे. पदकाला भाव आहे, टोपीवरच्या बिल्ल्याला आहे, वर्दीलाही बरा आहे. पण मापं टिपलेली वही, पुलाचं कच्चं रेखाटन, मागे नावं लिहिलेला ग्रुप फोटो यांना कुणी विचारत नाही. मग आजोबांची ट्रंक उघडते आणि संध्याकाळपर्यंत तिचे पाच तुकडे पाच दिशांना गेलेले असतात.

सॅपरच्या बाबतीत हे नुकसान दुप्पट आहे. पायदळाने ठाणं जिंकलं की नकाशावर खूण राहते. सॅपरचं काम फत्ते झालं की दिसेनासं होतं. काढलेला सुरुंग जागेवर राहत नाही. घाईत उभारलेला पूल गरज संपली की सोडवून नेतात.

१९४१ चा फेब्रुवारी घ्या. तेव्हाच्या अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत सैन्याच्या पुढे राहून रस्ता मोकळा करत होते. चार दिवस, ५५ मैल, १५ सुरुंगक्षेत्रं. त्यांची गाडी दोनदा उडाली, एका कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या मोहिमेनंतर सात वर्षांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्याच बॉम्बे सॅपर्सचे, कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे जखमी असूनही रणगाड्यांसाठी सुरुंग आणि अडथळे काढत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

या दोघांची कामगिरी सरकारी कागदावर आहे, म्हणून आपल्याला माहीत आहे. पण त्यांच्यासोबत मातीत गुडघे टेकून काम करणाऱ्या साध्या जवानाचं काय? त्याची फाटकी वही, घरी धाडलेलं पत्र, कॉलरच्या आत शाईने लिहिलेला नंबर, हीच त्याची सनद. ती रद्दीत गेली की उरतो तो खाकी कपडा. नाटकाच्या पेटीतला आणि हा, फरक कसा सांगणार?

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांवर सैनिकाचं नाव कोरलेलं असायचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या सैनिकांना मोहिमेची बहुतेक पदकं कोरीच दिली. अशा कोऱ्या पदकाला नाव देतो तो सोबतचा कागद. कागद गेला की तो नुसता धातूचा तारा.

आमचे संग्राहक मित्र यावर म्हणतात, 'आम्ही घेतलं नसतं, तर बोहारणीकडे गेलं असतं. वर्दी देऊन स्टीलचं पातेलं आलं असतं.' हे खरं आहे, पण अर्धंच. बोहारीण वर्दी नेते. कुणाची होती हे विसरून जायचे पैसे ती घेत नाही. व्यापारी मात्र नेमक्या त्याच विसरण्यावर कमावतो. सेट फोडला की प्रत्येक तुकड्याचं वेगळं गिऱ्हाईक मिळतं. आणि जो संग्राहक 'फक्त पदक द्या, बाकीचं राहू द्या' म्हणतो, तो इतिहास वाचवत नाही, ट्रॉफी गोळा करतो.

घरच्यांना मी दोष देत नाही. दोन खोल्यांच्या घरात ट्रंक ठेवायला जागा नसते, हॉस्पिटलचं बिल थांबत नाही. विकायचं तर विका. पण एकत्र विका.

कायद्याकडून फार आशा ठेवू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तूला शंभर वर्षं व्हावी लागतात. ऐतिहासिक मोल असलेल्या हस्तलिखितं-दस्तऐवजांना पंचाहत्तर पुरतात. म्हणजे १९४१ ची वर्दी या कायद्याच्या लेखी अजून नुसता जुना कपडा आहे. तिच्या खिशातली मोलाची वही मात्र संरक्षणाला पात्र ठरू शकते. गंमत बघा: कायद्याला जे आधी मोलाचं वाटलं, ते आपण किलोवर घालतो.

तुमच्या हातात फोन आहे, त्याचा उपयोग करा. ट्रंकेतलं सगळं एका चादरीवर मांडा आणि काहीही हलवण्याआधी फोटो काढा. कॉलरच्या आतला, खिशाच्या आतला, फोटोमागचा मजकूरही टिपा. आजी असेल तर तिला बोलतं करा, आवाज रेकॉर्ड करा. नाव, गाव, कंपनी, कोणत्या आघाडीवर, हे कागदावर लिहा आणि तो कागद ट्रंकेतच ठेवा. पदकं चिंच-मीठ लावून घासू नका, वर्दी वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. तो डाग कदाचित त्या रस्त्यावरचा असेल. संग्रहालयाला देणार असाल तर यादीसह लेखी पोच घ्या आणि सरळ विचारा: हे सगळं एका नावाखाली राहणार का?

नाही म्हणाले, तर देऊ नका.