मतं कुणीही खाल्लेली नाहीत

४ जून २०२४च्या संध्याकाळपासून बुलढाण्यात एक वाक्य ऐकून कान किटलेत. ‘तुपकरांनी मतं खाल्ली.’ चहाच्या टपरीवर, एसटीत, व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणणारे बहुतेक माझ्याच बाजूचे, म्हणून राग जरा जास्तच येतो.

लोकसभेचे आकडे बघा. शिंदेंच्या शिवसेनेचे प्रतापराव जाधव ३,४९,८६७. ठाकरेंच्या शिवसेनेचे नरेंद्र खेडेकर ३,२०,३८८. अपक्ष रविकांत तुपकर २,४९,९६३. जाधव साडेएकोणतीस हजारांच्या आत-बाहेर फरकाने चौथ्यांदा खासदार झाले, केंद्रात राज्यमंत्रीही झाले. त्यांच्या मागच्या दोघांची बेरीज मात्र ५ लाख ७० हजार.

‘खाल्ली’वाल्यांचं गणित या बेरजेवर उभं आहे. तुपकर नसते तर ही अडीच लाख माणसं मुकाट्याने मशालीचं बटण दाबून आली असती, असं ते धरून चालतात. कशावरून? सोयाबीन-कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आणि त्यापायी जेलमध्ये जाऊन आलेल्या माणसाला ती मतं पडली. पुढचे दोन्ही उमेदवार कालपर्यंत एकाच शिवसेनेत होते. ज्याला दोघंही नको होते, त्याने काय घरी बसायचं होतं?

२०१९ला हेच झालं. राष्ट्रवादीचे राजेंद्र शिंगणे १ लाख ३३ हजारांनी पडले, वंचितला १ लाख ७२ हजार मतं पडली. तेव्हा ‘खाणारे’ वंचितवाले होते. खाणारा दरवेळी बदलतो, ताट मात्र आपलंच, ही यांची खात्री काही हलत नाही.

मग नोव्हेंबरात विधानसभा आली. बुलढाण्यात संजय गायकवाड जयश्री शेळकेंपेक्षा फक्त ८४१ मतांनी पुढे राहिले. जानेवारीत एका सत्काराच्या कार्यक्रमात आमदारसाहेब जाहीरपणे म्हणाले की, मतदार दारू-मटणाला, दोन-दोन हजारांना विकले गेले. त्यापुढचा शब्द मी इथे लिहीत नाही. आपल्या लोकांनी निषेध केला, बरोबरच केला. पण मत मुळात आमचं होतं आणि तुम्ही ते दुसऱ्याला दिलंत, ही तक्रार दोघांचीही सारखीच आहे की!

खरा दोष मोजणीच्या पद्धतीत आहे. ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो निवडून येतो. मग निम्म्याहून जास्त लोक विरोधात असले तरी चालतं. याला पर्याय परदेशातून आणायची गरज नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघातून आपल्या बुलढाण्याचेच धीरज लिंगाडे निवडून आले, ते पसंतीक्रमाच्या मतांवर. तिथे पहिल्या पसंतीवर कोटा पूर्ण झाला नाही, तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. मोजायला वेळ लागतो, डोकं उठतं, पण कुणाचं मत कुणी ‘खात’ नाही. तुपकरांना पहिली पसंती देणाऱ्या माणसाला दुसरी कुणाला, हे आपण त्याला एकदा तरी विचारलं असतं.

मी बी.ए. झालोय, म्हणून पदवीधरच्या यादीत माझं नाव आहे. मला दुसरी पसंती देता येते. बाबा दहावी नापास. सोयाबीन विकून त्यांनीच मला शिकवलं, त्यांना एकच बटण. त्या दिवशी त्यांनी कुठलं दाबलं, हे मी विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही.