रिकामं चाक कुणाचंही फिरतं

परवा भोसरीला भाच्याच्या वर्कशॉपमध्ये गेले होते. मी मराठी माध्यमातली बी.ए., यंत्रांशी संबंध मिक्सरपुरता. पण तिथे जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

भाचा नारळाएवढे गिअरबॉक्स बनवतो, कणीक मळायच्या यंत्रांसाठी. आत पोलादी वर्म आणि ब्राँझचं चाक. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, चाक ४८. गिऱ्हाइकाचा धोशा चालला होता, "दहा मिनिटं फिरवून बघा आणि पाठवून द्या." कामगारांचे पगार त्याच पैशांवर अडलेले. पण भाचा हटून बसला होता. "मावशी, मागच्या वर्षी असंच पाठवलं. तीन महिन्यांत दाते झिजून माल परत आला."

रिकाम्या फिरण्यातून आवाज आणि तेलाची गळती एवढंच कळतं. दाते कसे टेकतात, तेल किती तापतं, हे भार दिल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्याने १० सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमला दोरी गुंडाळून वजन लावलं होतं. निव्वळ ओढ १० किलो, म्हणजे साधारण ९.८ न्यूटन-मीटर. दर तासाला तेलाचं तापमान वहीत लिहायचं. शेवटी तेल काढून बघायचं, ब्राँझची सोनेरी भुकटी चमकते का.

मी शहाणपणा केला, "दुप्पट भार टाक की, निकाल लवकर लागेल."

तो हसला. "लागेल, पण खोटा. फार भार दिला तर दाता तुटतो. गिऱ्हाइकाकडे तो तुटत नाही, हळूहळू झिजतो." शिवाय नुसतं सलग फिरवून भागत नाही. कॅन्टीनमधलं यंत्र दिवसभर चालू-बंद होतं, भांड्यात घट्ट कणीक असतानाच सुरू होतं. तो हिसकाही द्यावा लागतो.

मी गप्प झाले. पस्तीस वर्षं शिकवलं. काही मुलांना घोकलेल्याच प्रश्नांवर पास केलं, म्हणजे रिकामंच फिरवलं. काहींना फळ्यापाशी उभं करून इतकं रागावले की ती तुटली, आणि मी म्हटलं, कच्चीच होती. आता वाटतं, कच्ची माझी परीक्षा होती.

तेव्हा माझं मत भाच्याच्या बाजूने. माल आठ दिवस उशिरा जाऊ दे. पगारापुरते पैसे मी ठेवीतून दिलेत. (ताई, तुला हे इथेच कळतंय, रागावू नकोस.)

तुमचं काय मत?