युवा प्रतिनिधित्वाचाही अनुशेष मोजा

विदर्भात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानावर लहानपणापासून एक शब्द पडतो : अनुशेष. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, कृषिपंपांच्या वीजजोडण्यांचा अनुशेष. १९८४ साली दांडेकर समितीने जिल्हा हे एकक धरले आणि राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे, याचा हिशेब मांडला. एका अनुशेषाचा हिशेब मात्र आपण तरुणांनी कधी मागितला नाही. देशपातळीवरच्या युवा मंचांवर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांतली किती मुले-मुली पोहोचतात?

२०२५ ची विकसित भारत युवा संसद घ्या. आधी पोर्टलवर एक मिनिटाचा व्हिडिओ, मग नोडल जिल्ह्याची फेरी, मग राज्याची, आणि शेवटी प्रत्येक राज्यातून तिघे थेट संसद भवनात. कागदावर बरोबरी आहे. गोव्याचे तीन, महाराष्ट्राचेही तीन. पण २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, तर एकट्या बुलढाणा जिल्ह्याची जवळपास २६ लाख. गोव्याला तीन जागांची हमी आहे, बुलढाण्याला एकाही जागेची नाही. गोव्याच्या मुलांविषयी आपली तक्रार नाही. लहान राज्याचा आवाज ऐकला गेलाच पाहिजे. मग तोच न्याय मोठ्या राज्याच्या आत का लागू होत नाही? ११ कोटींच्या महाराष्ट्रात मुंबई-पुणे आणि लोणार-संग्रामपूर एकाच रांगेत उभे करायचे आणि त्याला समान संधी म्हणायचे, हे कसे चालेल?

१२ जानेवारी हा राष्ट्रीय युवा दिन. त्याच दिवशी जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजात राज्यभरातून माणसे येतात. युवा दिनाला ज्या जिल्ह्यात एवढा महाराष्ट्र गोळा होतो, त्याच जिल्ह्याच्या तरुणाला दिल्लीच्या यादीत जागेची हमी नसते.

यावर ठरलेले उत्तर येते : निवड गुणवत्तेवर होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात ॲप फक्त ऑफिसच्या वायफायवर तपासून चालत नाही. जुन्या फोनवर, कमकुवत नेटवर्कवरही ते चालवून पाहावे लागते. तिथे अडले, तर आम्ही वापरणाऱ्याला नापास करत नाही, रचना दुरुस्त करतो. चांगला कॅमेरा, सराव करून घेणारे कॉलेज आणि सफाईदार हिंदी-इंग्रजी ज्याच्याकडे आहे, तो पहिल्या फेरीआधीच पुढे असतो. ही सोय आहे, गुणवत्ता नव्हे. मोताळ्याच्या शेतकऱ्याची मुलगी पीकविम्यावर जे बोलेल, ते पुण्याच्या वादविवाद मंडळात शिकवले जात नाही.

प्रादेशिक वाटा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शासकीय सेवांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचा शब्द दिला होता. राज्यघटनेचे कलम ३७१(२) विदर्भ आणि मराठवाड्यासाठी तंत्रशिक्षण व नोकरीच्या न्याय्य संधींबद्दल बोलते. त्या कलमाखाली १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मुदत मंडळांची संपली, आपल्या हक्काची नाही.

उपायही अवघड नाही. महाराष्ट्रात सहा महसूल विभाग आहेत आणि राज्याच्या जागा तीन. एका वर्षी तीन विभाग, पुढच्या वर्षी उरलेले तीन. दर दोन वर्षांनी अमरावती विभागाची पाळी येईल, आणि विभागाच्या आत स्पर्धा गुणवत्तेवरच होईल. पंचायत राज्यात राखीव जागा आळीपाळीने फिरतात, हे आपले गाव १९९० च्या दशकापासून पाहत आहे. सरपंचपदाला जमते, ते युवा संसदेला का जमू नये?

आता घरातल्या घरात एक कडू गोष्ट. बुलढाणा जिल्ह्यात दर सात माणसांमागे जवळपास एक मुसलमान आहे. आपल्या समाजाच्या देशपातळीवरच्या युवा संघटनांमध्ये या जिल्ह्याचे किती जण निर्णय घेतात? बैठक दिल्लीत, भाषा उर्दू किंवा इंग्रजी, आणि मेहकर-मलकापूरच्या वाट्याला सतरंज्या अंथरायचे काम. शूरा म्हणजे सल्लामसलत. ज्यांच्याविषयी ठरवायचे त्यांनाच न विचारता घेतलेला सल्ला हा कसला सल्ला? सरकारकडे इन्साफ मागताना तो आपल्या कार्यकारिणीतही दिसला पाहिजे. मराठीत बोलणाऱ्या तरुणाला तिथे अडखळल्यासारखे वाटणार नाही, एवढे तरी आपण आजच करू शकतो.

ही मागणी फक्त आपली म्हणून पुढे नेऊ नका. जळगाव जामोदच्या सातपुडा पायथ्याचा आदिवासी मुलगा, चिखलीचा दलित विद्यार्थी, देऊळगाव राजाची मराठा मुलगी या सगळ्यांची जागा याच रांगेत अडली आहे. त्यांच्या सह्यांशिवाय निवेदन देऊ नका.

पहिले काम या आठवड्यात होऊ शकते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि तीन गोष्टी विचारा. गेल्या पाच वर्षांत राष्ट्रीय युवा कार्यक्रमांसाठी महाराष्ट्रातून कोण निवडले गेले, त्यांची जिल्हानिहाय संख्या किती, आणि निवड समितीत कोणत्या विभागाचे किती सदस्य होते. आकडे हाती आले की तालुक्या-तालुक्यात वाचून दाखवा. दांडेकर समितीनेही सुरुवात मोजण्यापासूनच केली होती.