बधिर पायांची आग

"कमरेखाली काहीच कळत नाही, मग दुखतं कसं?" मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला हा प्रश्न घरचे विचारतात, आणि कधीकधी डॉक्टरही. मग 'मनाला लावून घेतलंय' असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात. हा अन्याय आहे.

वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारी वाटच इथे मोडलेली असते. खालून निरोप येत नाहीत, पण इजेच्या वरच्या चेतापेशी गप्प बसत नाहीत. त्या आपोआप चेतत राहतात आणि मेंदू ते दुखणं पायांच्या नावावर टाकतो. म्हणून चिमटा कळत नाही, आग मात्र कळते. कुणाला पाय भाजल्यासारखे वाटतात, कुणाला करंट बसल्यासारखं. रात्री, सगळं शांत झालं की, हे जास्तच जाणवतं. मज्जारज्जूची इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या वाट्याला हे दुखणं येतं.

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं वेगळ्या वाटेनं काम करतात. प्रीगॅबालिनला तर अमेरिकेत २०१२ मध्ये खास याच दुखण्यासाठी मान्यता मिळाली. या औषधांनी गुंगी येते, पायांना सूज येऊ शकते आणि आग बहुधा पूर्ण विझत नाही. पण ती कमी होऊन रात्री झोप लागली तरी ते फार मोठं आहे. आग अचानक वाढली तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा पाठीवरची जखम आधी तपासावी. व्हीलचेअर ढकलून खांदे दुखतात, ते दुखणं वेगळं. त्याचे उपायही वेगळे.

दुखण्याचा विषय निघाला की जिद्दीच्या गोष्टी पुढे येतात. सैनिक मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. अशा जिद्दीच्या गोष्टी आपण सांगायलाच हव्यात. पण उठल्यासुटल्या त्याच ऐकवल्या की खाटेवरच्या तरुणाला 'दुखतंय' म्हणायचीही लाज वाटते. माझा आक्षेप आहे तो या सक्तीच्या शौर्याला.

डिस्चार्ज कार्डावर कॅथेटर कधी बदलायचा आणि कूस किती वेळानं वळवायची हे लिहिलेलं असतं. तिथेच आणखी एक ओळ हवी: शून्य ते दहापैकी किती दुखतं, आणि त्यासाठी पुन्हा कधी यायचं. तारीख घालून.