माँट्रियलचा धडा आणि आपली मैदाने

भारतीय हॉकीच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ठिकठिकाणी सामने झाले, सत्कार झाले, ध्यानचंदांच्या आठवणी निघाल्या. ते उचितच झाले. परंतु शताब्दी म्हणजे हिशेब मांडण्याचीही वेळ असते. १९२८ ते १९५६ या काळात सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारा देश २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकला पात्रदेखील ठरू नये आणि २०१२ साली लंडनमध्ये बाराव्या, म्हणजे अखेरच्या क्रमांकावर जाऊन पडावा, असे का घडले? आणि त्याच देशाने २०२१ साली टोकियोत व २०२४ साली पॅरिसमध्ये ब्राँझपदक मिळविले, ते कशाच्या बळावर? या प्रश्नांचे उत्तर मुख्यतः खेळण्याच्या पद्धतीत सापडते, आणि त्या उत्तराशी पेडणे व डिचोली या तालुक्यांचाही संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

आपली हॉकी वाढली ती मातीच्या आणि गवताच्या मैदानांवर. तेथे चेंडू उसळे, अडखळे, ऐन वेळी दिशा बदले. अशा चेंडूवर हुकमत ठेवायची तर मनगट लवचिक हवे आणि नजर तीक्ष्ण हवी. पाच आघाडीचे, तीन मधले आणि दोन बचावाचे अशी आपली मांडणी होती. चेंडू काठीला जणू चिकटवून दोघातिघांना हुलकावणी द्यावी, आखूड पास द्यावा आणि गोलवर्तुळात शिरावे, ही आपली रीत. क्वालालंपूर येथे १५ मार्च १९७५ रोजी अजितपाल सिंग यांच्या संघाने पाकिस्तानला २-१ असे नमवून विश्वचषक जिंकला, तो या शैलीचा कळसाध्याय होता.

पुढच्याच वर्षी माँट्रियलचे ऑलिंपिक कृत्रिम हिरवळीवर खेळले गेले. सपाट आणि वेगवान पृष्ठभागावर चेंडू सरळ धावू लागला. एकट्याच्या हुलकावणीचे मोल घटले. दूरवरचा अचूक पास, अखंड धाव आणि अंगातील दम यांचे मोल वाढले. ऑस्ट्रेलियाने आपल्याला ६-१ असे हरविले आणि आपण सातव्या क्रमांकावर आलो.

याच माँट्रियल शहरात चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशाचा अभिमान असाच धुळीस मिळाला होता. बर्फावरची हॉकी हा कॅनडाचा जणू राष्ट्रधर्म. पायांत स्केट, चेंडूऐवजी रबराची चकती आणि गोलरक्षक धरून सहा जणांचा संघ, असा तो खेळ. कॅनडाची रीत सरळ होती : चकती प्रतिपक्षाच्या कोपऱ्यात भिरकवावी, मागोमाग धडक देऊन ती हिसकावावी आणि गोलासमोर गर्दी करून प्रहार करावा. सोव्हिएत खेळाची घडण अनातोली तारासोव या प्रशिक्षकाने केली होती. चकती ज्याच्यापाशी आहे त्याच्याइतकेच, ज्यांच्यापाशी नाही त्यांच्या हालचालींना तेथे महत्त्व होते. २ सप्टेंबर १९७२ रोजी उभय देशांच्या आठ सामन्यांच्या मालिकेतील पहिला सामना झाला आणि सोव्हिएत संघाने कॅनडाला ७-३ असे हरविले. कॅनडाने ती मालिका अखेर जिंकली खरी, पण शेवटच्या सामन्यातील अखेरच्या ३४ व्या सेकंदाला झालेल्या गोलाने. आठ वर्षांनी, २२ फेब्रुवारी १९८० रोजी, अमेरिकेच्या महाविद्यालयीन मुलांनी लेक प्लॅसिड येथे बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असे हरविले. त्यांचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांनी अमेरिकन धडाडीला युरोपीय पासांची जोड दिली होती. प्रतिस्पर्ध्याकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आम्ही मात्र दीर्घकाळ हिरवळीलाच शिव्या घालीत बसलो. त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही. असे मैदान महाग असते, त्याला पाणी लागते, आणि श्रीमंत राष्ट्रांनी ते आधी अंथरले. पण तक्रारीने गोल होत नाहीत. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकला असता मिळालेल्या सुवर्णपदकाने आम्हांला भुलविले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानकडून ७-१ असा दारुण पराभव झाला, १९८६ च्या विश्वचषकात शेवटचा क्रमांक आला, तरी पद्धत बदलण्याची निकड पुरती पटली नाही.

ती पटल्यावर काय होते हे पॅरिसने दाखविले. ब्रिटनविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि सुमारे बेचाळीस मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी लढला. आघाडीचे खेळाडू बचावाला मागे आले, मोकळ्या जागा बुजविल्या गेल्या, आणि सामना १-१ असा बरोबरीत राखून भारताने शूटआउटमध्ये ४-२ असा विजय मिळविला. श्रीजेशचे गोलरक्षण अप्रतिम होते. पण त्याच्यापुढची भिंत नऊ जणांनी मिळून बांधली होती. मनगटाचे कसब गेले नव्हते. ते संघाच्या आराखड्यात बसविले गेले होते.

पेडण्याच्या वाचकाला हे समजण्यासाठी पॅरिसला जाण्याचे कारण नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. प्रत्येक नट आपले संवाद रंगमंचावर उभा राहूनच रचतो. तरी नाटक विस्कटत नाही, कारण आख्यान सर्वांना ठाऊक असते आणि समोरच्याचे वाक्य ऐकून आपले बोलावे ही शिस्त प्रत्येकाच्या अंगी मुरलेली असते. स्वातंत्र्य आणि आराखडा यांचा हाच मेळ उत्तम संघात असतो. डिचोलीची घोडेमोडणी ज्याने पाहिली आहे, त्याला एकाचे पाऊल चुकले तर काय होते हे सांगावे लागत नाही.

मग आमची मुले हॉकीत कोठे आहेत? १९४८ साली लंडनमध्ये ब्रिटनला ४-० असे हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस हे गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते. केनियाच्या ऑलिंपिक संघांतूनही अनेक गोमंतकीय खेळले. पण या मंडळींचा खेळ घडला तो मुंबईत आणि नैरोबीत. गुण आपला होता; मैदान परक्याचे होते.

आज म्हापशाजवळ पेडे येथे कृत्रिम हिरवळीचे मैदान आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील हॉकी तेथेच झाली. पेडणे आणि डिचोली ही दोन्ही गावे तेथून वीसेक किलोमीटरच्या टापूत आहेत. तरीही शाळा सुटल्यावर तेथे जाऊन दिवेलागणीला घरी परतणे खेड्यातल्या मुलाला, विशेषतः मुलीला, सोपे नाही. आठवड्यातून दोन दिवस या तालुक्यांतील शाळांसाठी मैदानाची वेळ राखून ठेवावी आणि बसची सोय करावी, एवढे सरकारला अशक्य नाही. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना आधुनिक पद्धतीचे प्रशिक्षण द्यावे. पाच जणांच्या हॉकीला लहान मैदान पुरते. २०२४ च्या जानेवारीत मस्कतला तिचा पहिला विश्वचषकही झाला. तिची सुरुवात गावच्या मैदानावर होऊ शकेल.

परंतु गावचे मैदान उरले तर! मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडण्यातील जमिनीकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. डिचोलीत खाणींनी किती भूमी गिळली ते सर्वश्रुत आहे. जी मोकळी जागा आज मुलांची आहे, ती उद्या कोणाची असेल याची शाश्वती नाही. पंचायतींनी आपापली मैदाने कागदोपत्री राखीव करून घेणे हे यातले पहिले कर्तव्य होय.

लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात आणि मुले त्यांवर खेळतात. तेथील मुलींचाच भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ साली बर्फावरच्या हॉकीच्या आशिया चषकात ब्राँझपदक मिळविले. जेथे मैदान असते तेथे खेळ रुजतो, आणि खेळ रुजल्यावर पद्धत शिकविता येते. पेडणे-डिचोलीच्या मुलांना आधी मैदान द्या; आख्यान समजून खेळण्याची शिस्त त्यांच्या रक्तातच आहे.